बंदुकांची मोजदाद आणि बंदुकीची पारख

बंदुकीच्या प्रश्नावर या पानातून लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. शस्त्राचा विषय गृहखात्याचा, फार तर कायदेपंडितांचा, अशी आपल्या चळवळीतील बहुतेकांची समजूत आहे. परंतु मूर्तिजापूर-दर्यापूरच्या पट्ट्यात बंदूक हा शेतीच्या साधनांचा प्रश्न आहे. नांगर, डवरे, फवारणीचा पंप यांच्याच रांगेत ती बसते. फरक इतकाच की बाकीची साधने सदोष निघाली तर शेतकऱ्याचे पैसे जातात आणि ही सदोष निघाली तर हाताचा पंजा किंवा डोळा जातो.

पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे ओलिताची सोय तुटपुंजी. पावसाच्या पाण्यावर जे येईल ते पीक. मूग, सोयाबीन, कपाशी, तूर आणि जमिनीत ओल टिकली तर हरभरा. या पट्ट्यात दाट जंगल नाही, पण रोही आहेत आणि रानडुकरे आहेत. बाभुळबनात, नाल्याच्या काठाने, पडीत राहिलेल्या शिवारात ती दिवस काढतात व रात्री शेतात उतरतात. रोह्यांचा कळप हरभऱ्यात शिरला की खातो थोडे आणि तुडवितो फार. म्हणून भाद्रपदापासून माघापर्यंत जागल आली. उत्पादनखर्चाच्या चर्चेत खत, बियाणे, मजुरी, व्याज या सर्वांचा हिशेब मी ऐकला आहे. जागलीच्या रात्रींचा उल्लेख मात्र क्वचितच ऐकला. दिवसा शेतात राबलेला माणूस रात्री फाटक्या ब्लँकेटात माळ्यावर बसून डबा वाजवीत असतो, आणि त्याच्या या श्रमाला अर्थशास्त्रात नाव नाही.

या जागल्याच्या हातात क्वचित एखादी ठासणीची बंदूक असते. आजोबाच्या नावचा परवाना बापाच्या नावे झालेला, बापाच्या नावचा मुलाच्या नावे झालेला. १९५९च्या शस्त्र अधिनियमाने पीकसंरक्षणासाठीची ठासणीची बंदूक ही वेगळी गोष्ट मानली आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ती मागणाऱ्यास, अन्य हरकत नसल्यास, परवाना द्यावा असे कलम १३ सांगते. १८७८च्या लिटनशाही कायद्याच्या पार्श्वभूमीवर ही तरतूद महत्त्वाची होती. त्या जुन्या कायद्याने या देशातील माणसाला शस्त्रासाठी परवानगीची याचना करावयास लावली आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. म्हणूनच १९३१च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश केला होता. आज त्या कलमाची आठवणही कोणी काढीत नाही. ते कलम राज्यघटनेत आले नाही, हे माझ्या मते योग्यच झाले. पण ते का मागितले गेले होते, हे विसरणे योग्य नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे काही वर्षांच्या अंतराने एक आवई उठते. बंदुकांचा नवा कायदा येतो आहे, घ्यायची असेल तर आताच घ्या, दुरुस्त करून घ्यायची असेल तर आताच करून घ्या, पुढे सुटा भागही मिळणार नाही. बाजार समितीच्या आवारात, बसस्थानकासमोरच्या टपरीवर ही कुजबुज सुरू होते आणि तिच्या मागोमाग कोणी ना कोणी ‘जुनी पण उत्तम’ बंदूक, ‘विलायती’ घोडा, ‘कंपनीची’ नळी दाखवीत फिरू लागतो. माझे म्हणणे असे की, कायदा कडक होवो वा सैल, या घाईचा तोटा नेहमी एकाच वर्गाला होतो. ज्याला वस्तूची पारख नाही आणि थांबण्याची ऐपत नाही, त्या लहान शेतकऱ्याला.

कायद्याने काय केले ते आधी पाहू. १९८३च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीन बंदुकांची मर्यादा घातली. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने ती दोनवर आणली. सरकारचा मूळ प्रस्ताव एकीचाच होता. चर्चेअंती तो दोनवर स्थिरावला. १४ डिसेंबर २०१९ पासून दुरुस्ती अमलात आली. ज्यांच्याकडे तिसरी बंदूक होती त्यांनी ती एका वर्षात जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची आणि त्यानंतर ९० दिवसांत तिचा परवाना रद्द व्हावयाचा. नेमबाजी करणाऱ्या खेळाडूंना वेगळी सवलत होती. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली, आणि लग्नाच्या वरातीत हर्षभराने बार उडविणाऱ्यांस दोन वर्षांपर्यंतची कैद वा एक लाखापर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. या शेवटच्या तरतुदीचे मी मनापासून स्वागत करतो. ज्या घरांत तीन-तीन बंदुका होत्या त्या घरांतील बंदुकांनी रोही किती हाकलले आणि गावावर दरारा किती बसविला, हे आपल्या कार्यकर्त्यांना मी सांगावयास नको.

परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे एक प्रश्न विचारावयास हवा. एक वर्षाच्या आत तिसरी बंदूक काढून टाकावयाची म्हणजे देशभरातील सर्व विक्रेते एकाच वेळी बाजारात उतरणार. घेणारे मात्र मोजकेच, कारण घ्यावयास परवाना हवा, आणि ज्याच्याकडे आधीच दोन आहेत तो घेऊच शकत नाही. त्यातच ते वर्ष टाळेबंदीचे. अशा बाजारात भाव कोणीकडे जातो हे सांगावयास आकडे लागत नाहीत. आणि पडलेल्या भावात आपल्या तीनपैकी कोणती बंदूक माणूस विकेल? उघडच, सर्वांत खराब झालेली. कायद्याने बंदुकांची मोजदाद केली. त्या मोजदादीमुळे सर्वांत झिजलेला माल सर्वांत स्वस्त होऊन सर्वांत गरजू माणसाच्या दारी येण्याची वाट मोकळी झाली, याकडे कायदा करणाऱ्यांचे लक्ष गेल्याचे दिसत नाही.

अमेरिकेत चित्र उलटे दिसते. तेथे १९९४च्या सप्टेंबरात लष्करी धाटणीच्या काही बंदुकांवर बंदी आली, पण आधी विकलेल्यांना ती लागू नव्हती. बंदीची चर्चा सुरू होताच कारखान्यांनी उत्पादन वाढविले, भाव चढले, लोकांनी रांगा लावल्या. बंदी आल्यावर तेच भाव खाली आले, कारण माल आधीच भरमसाट झाला होता. घाई करणाऱ्यांनी चढ्या भावाने खरेदी केली आणि कारखानदाराने बंदीच्या भीतीवर नफा कमावला. दहा वर्षांनी, २००४ साली, ती बंदी मुदत संपून उठलीसुद्धा. तेथे रायफलीचे सुटे भाग बरेचसे मोकळेपणाने मिळतात, म्हणून प्रत्येक नव्या कायद्याच्या आधी भागांचीही साठेबाजी होते. आणि घाईत घेतलेल्या भागाची पारख कशी करावी, याचे सल्ले देणारा एक व्यवसायच तेथे उभा राहिला आहे.

न्यूझीलंडने तिसरा मार्ग धरला, आणि मला तो अधिक विचारार्ह वाटतो. मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत हत्याकांड झाले. महिन्याभरात कायदा झाला आणि डिसेंबरपर्यंत सरकारने बंदी घातलेल्या बंदुका स्वतः विकत घेतल्या. सुमारे ५६,००० बंदुका आणि सुमारे १,८८,००० सुटे भाग गोळा झाले. भावाचा तक्ता सरकारने आधीच प्रसिद्ध केला होता: बंदूक नव्यासारखी असेल तर मूळ किमतीच्या ९५ टक्के, वापरलेली असेल तर ७० टक्के, खराब असेल तर २५ टक्के. म्हणजे वस्तूची पारख विकणाऱ्याने केली नाही आणि घेणाऱ्या गिऱ्हाइकानेही केली नाही; ती सार्वजनिक यंत्रणेने, सर्वांना ठाऊक असलेल्या तक्त्याने केली. ऑस्ट्रेलियाने १९९६ साली सुमारे साडेसहा लाख बंदुका अशाच विकत घेतल्या, त्यासाठी आरोग्यसेवेच्या करात एका वर्षापुरती ०.२ टक्क्यांची वाढ करून. धनिक-गरीब सर्वांनी मिळून खर्च सोसला. आपल्याकडील २०१९च्या दुरुस्तीत अशा मोबदल्याची सोयच नव्हती.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट परदेशी उदाहरणांवाचूनही कळेल. त्याने आयुष्यभर कापसाची प्रतवारी पाहिली आहे. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली तेव्हा तिच्यात दोष पुष्कळ होते. मापासाठी गाड्या रात्र-रात्र उभ्या राहत, चुकारे रखडत, आणि ग्रेडरच्या मर्जीवर घामाचा भाव ठरे. तरीही प्रतवारी उघड्यावर होती, तिच्याविरुद्ध ओरडता येत होते, मोर्चा नेता येत होता. खासगी व्यापाऱ्याच्या ओट्यावर पारख करणारा आणि विकत घेणारा एकच असतो, तेव्हा ओरडावे कोणाकडे? बियाण्याचे तर आणखीच वाईट. मृगाच्या तोंडावर घाईत घेतलेल्या पिशवीतील बी खरे की खोटे, हे पेरल्यावर कळते. बंदुकीचा सुटा भाग या दोहोंपेक्षा घातक, कारण तो खोटा असल्याचे बार उडताना कळते.

जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले त्यामागे तोच निबंध होता. विकणाऱ्याला वस्तूचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो, म्हणून घेणारा सर्वच मालाला कमी भाव देतो, चांगला माल बाजारातून निघून जातो आणि वाईट उरतो, असा त्याचा आशय. इंग्लंडातील बंदूक-कारागिरांना हे त्याच्या कितीतरी आधी अनुभवाने कळले होते. लंडनच्या कारागिरांच्या संघास १६३७ साली सनद मिळाली आणि नळ्यांची चाचणी हे त्याचे काम झाले. बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी १८१३ साली स्वतः पार्लमेंटकडून कायदा करून घेऊन चाचणीघर उभारले. नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार काढून नळी टिकते का पाहावयाचे आणि टिकली तरच शिक्का मारावयाचा. भल्या कारागिराला फसव्या कारागिराच्या स्पर्धेतून वाचविणारा हा शिक्का होता. मुक्त बाजाराचे माहेरघर म्हणविणाऱ्या देशात, त्याच्या भरभराटीच्या काळात, वस्तूची पारख बाजारावर सोडली गेली नाही, हे आपल्या नवउदारवादी मित्रांनी ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे शिक्का आहे, पण तो कारखान्यातून बाहेर पडतानाचा. इशापूरची .३१५ची रायफल, कानपूरचे .३२चे रिव्हॉल्व्हर, ही सरकारी कारखान्यांची निर्मिती तपासून बाहेर पडते. ज्या नळीला पन्नास वर्षे झाली, जिच्यात गंज धरला, जिचा घोडा एकदा, दस्ता दोनदा बदलला, तिच्यावरील जुना शिक्का आज काय सांगतो? काहीच नाही. परदेशी बंदुकांची सर्वसाधारण आयात गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे जुन्या वाड्यांतून निघालेल्या विलायती बंदुकांना जो भाव येतो तो गुणाचा नसून दुर्मिळतेचा असतो. आणि त्यांचे अस्सल भाग मिळणे दुरापास्त असल्यामुळे कोठेतरी घासून-पुसून बसविलेला भाग ‘अस्सल’ म्हणून खपतो.

येथे कायद्याची एक बाजू कार्यकर्त्यांनी गावोगाव सांगावयास हवी, कारण तिच्या अज्ञानापायी साधी माणसे कोर्टकचेरीत अडकतात. आपल्या कायद्याच्या व्याख्येत शस्त्र म्हणजे केवळ पुरी बंदूक नव्हे. शस्त्राचे भाग हेही शस्त्रच. परवान्यावाचून सुटी नळी घरात ठेवणे हा वेगळा, किरकोळ अपराध नाही. बंदूक दुरुस्त करणे, तिच्यात बदल करणे, तिची चाचणी घेणे, यांनाही परवाना लागतो. म्हणजे गावातील कुशल लोहार हे काम करू शकत नाही, त्याने केले तर तोही गुन्हेगार आणि करवून घेणाराही. बनविणाऱ्याचे नाव व क्रमांक नसलेली बंदूक बाळगणे हाही गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मिती व विक्रीच्या शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेल्या आहेत. तेव्हा ‘कायद्याच्या आधी घेऊन टाका’ असे सांगणारा माणूस शेतकऱ्याच्या गळ्यात बहुधा आजच्याच कायद्याखालचा गुन्हा बांधत असतो. पावती नाही, क्रमांक नाही, परवान्यावर नोंद नाही, अशी वस्तू कितीही गुळगुळीत दिसली तरी तिला हात लावू नये. पारखीची पहिली कसोटी कागदाची आहे, लोखंडाची त्यानंतर.

पण लोखंडाची कसोटी कोणी करावयाची, हा प्रश्न उरतोच. शेतकरी नळीत डोकावून पाहतो, घोडा वाजवून पाहतो, दस्त्याला पॉलिश आहे का पाहतो. यांपैकी कशानेही नळीच्या आतील झीज वा बारीक तडा समजत नाही. हे काम प्रशिक्षित शस्त्रकारागिराचे आहे. परवानाधारक दुकाने जिल्ह्याच्या वा विभागाच्या ठिकाणी. तेथवर जाण्याचा खर्च, दिवसाची मजुरी, आणि तेथे पुन्हा तपासणारा व विकणारा एकच.

कोणी म्हणेल, ही चर्चाच कशाला? बंदुका कमी व्हाव्यात असे आपल्याला वाटते ना? होय, वाटते. लहान शेतकऱ्याच्या हाती बंदूक देऊन रोह्यांचा प्रश्न सुटेल, अशी माझी समजूत नाही. रोही व रानडुक्कर हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात; पिकाची नासाडी होत असल्यास वनाधिकाऱ्याच्या परवानगीने त्यांना मारता येईल, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतला, पण परवानगीचा कागद आणि रात्री दोन वाजता तुरीत शिरलेला कळप यांची गाठ पडणे कठीण. रोह्याला बंदुकीने मारण्याची वऱ्हाडातील बहुतेक शेतकऱ्यांची तयारीही नसते. त्यांना हवा असतो तो आवाज. एका शेतातून हाकललेला कळप शेजारच्या शेतात जातो, म्हणजे हा एकट्याने सोडविण्याचा प्रश्नच नव्हे. सबंध शिवाराचे सामूहिक कुंपण आणि वेळेवर मिळणारी भरपाई, हाच मार्ग. पण सौर कुंपणाच्या अनुदानाचा विचार होतो तेव्हा जंगलालगतची गावे आधी डोळ्यांसमोर येतात. आमचा उघडा, बिनजंगलाचा पट्टा मागे राहतो. मग नाइलाजाने कोणी तारेत वीजप्रवाह सोडतो आणि त्यात जनावराऐवजी शेजारचा माणूस सापडतो. विदर्भातील वृत्तपत्रांत अशा बातम्या दरवर्षी येतात. जोवर सामूहिक कुंपण होत नाही तोवर ज्यांच्या हाती परवान्याची जुनी बंदूक आहे, ती त्यांच्याच अंगावर फुटू नये एवढी काळजी घेणे, हे बंदुकांचे समर्थन होत नाही.

सुट्या भागांच्या पुरवठ्याबाबतही आपण बोलले पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ४१ आयुध निर्माणी कारखान्यांची सात कंपन्यांत विभागणी झाली. कामगारांनी २०१९ साली त्याविरुद्ध संप केला होता. २०२१ साली जूनअखेर वटहुकूम काढून व मागाहून कायदा करून संपाचा हक्कच काढून घेण्यात आला. अंबाझरी, भंडारा, भद्रावती, वरणगाव, भुसावळ येथील कामगारबंधूंना ही कथा नव्याने सांगण्याचे कारण नाही. कंपनी झाल्यावर नफ्याचा ताळेबंद महत्त्वाचा होतो, आणि जुन्या, स्वस्त बंदुकीचा शे-दोनशे रुपयांचा भाग बनविण्यात नफा नसतो. तो भाग छापील किमतीला, क्रमांकासह, परवाना पाहून मिळण्याची व्यवस्था सार्वजनिक क्षेत्राने ठेवली नाही, तर त्याची जागा चोरटा बाजार घेईल. २०१६च्या शस्त्र नियमांनी खासगी कारखानदारीला वाट करून दिली आहे. तिचे लक्ष पैसेवाल्या गिऱ्हाइकाच्या रिव्हॉल्व्हरकडे राहील, जागल्याच्या ठासणीच्या बंदुकीकडे नव्हे.

तपासणीसाठी नवे खाते काढण्याची गरज नाही. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. महाराष्ट्र विधानसभेची मतदाने पाहा: २०१४ साली १५ ऑक्टोबर, २०१९ साली २१ ऑक्टोबर, २०२४ साली २० नोव्हेंबर. कपाशीची बोंडे फुटलेली, तूर फुलोऱ्यावर, आणि नेमकी त्याच वेळी शेतकऱ्याची बंदूक ठाण्याच्या खोलीत. त्या काळातील पिकाच्या नुकसानीचा विचार कोणी केलेला नाही. पीकसंरक्षणाच्या परवान्यांचा वेगळा विचार व्हावा, ही मागणी आपण पुढील निवडणुकीच्या आधीच जिल्हाधिकाऱ्यांकडे नेली पाहिजे. आणि ज्या बंदुका जमा होतीलच, त्या महिनाभर नुसत्या धूळ खात पडण्याऐवजी जिल्हा पोलीस मुख्यालयातील शस्त्रकारागिराने तालुक्याच्या ठाण्यावर येऊन तपासाव्यात. नळी, घोडा, दस्ता यांची स्थिती ठरलेल्या तक्त्यावर लिहावी. वापरास योग्य, दुरुस्तीस योग्य, वा निकामी असा शेरा देऊन त्याची प्रत धारकास द्यावी. जी निकामी ठरेल ती सरकारने ठरावीक मोबदला देऊन घ्यावी आणि वितळवावी. मूर्तिजापूर तालुक्यातील पीकसंरक्षण परवान्यांची यादी तहसील व ठाण्यातून मिळविण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज पुरेसा आहे. तो अर्ज या महिन्यातच करावा, म्हणजे किती बंदुका आहेत, त्यांची शेवटची तपासणी कधी झाली आणि झाली असल्यास कोणी केली, हे प्रश्न आकड्यांसह जिल्हा नियोजन समितीपुढे मांडता येतील.